इनर व्हीलच्या इंटरनॅशनल कन्व्हेन्शनला जायचंय? बडोद्याच्या मैत्रिणींसाठी सगळी तयारी

कन्व्हेन्शनचं सर्क्युलर क्लबच्या ग्रुपवर आलं की कोणीतरी लगेच लिहितं, "हे डिस्ट्रिक्टच्या पदाधिकाऱ्यांसाठी असतं, आपलं काय काम", मग दोन-चार जणी अंगठा दाखवतात आणि विषय तिथेच मिटतो. मला हे अजिबात पटत नाही. साधी मेंबर असाल, गृहिणी असाल, इंग्लिश जेमतेम असेल, तरी जाता येतं आणि जायला हवं, कारण वर्षभर शाळांमधे, वस्त्यांमधे जाऊन काम तुम्हीच करता. फक्त तयारी जाण्याच्या महिनाभर आधी सुरू करून चालत नाही, बरंच आधी लागावं लागतं. म्हणून काय काय करायचं ते एकदा नीट लिहून टाकते.

आधी थोडं हे नक्की काय आहे ते, कारण नवीन मेंबरना कोणी सांगतच नाही. इनर व्हील म्हणजे बायकांची सेवाभावी संघटना, ती सुरू झाली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. मार्गारेट गोल्डिंग म्हणून एक बाई होत्या, नर्स होत्या आणि स्वतःचा धंदाही चालवायच्या, त्यांनी १५ नोव्हेंबर १९२३ ला रोटेरियन्सच्या, म्हणजे रोटरी क्लबच्या मेंबरांच्या, बायकांना एकत्र बोलावलं, आणि जागा कुठली तर एक टर्किश बाथ, कारण फुकट मिळणारी तेवढीच जागा होती! मग १० जानेवारी १९२४ ला रीतसर क्लब झाला, म्हणून आपण १० जानेवारीला इनर व्हील डे करतो. १९६७ ला ते इंटरनॅशनल झालं. आज न्यूयॉर्क, जिनिव्हा आणि व्हिएन्नाला युनायटेड नेशन्समधे आपल्या प्रतिनिधी बसतात, म्हणजे आपण नुसत्या वह्या-पुस्तकं वाटणाऱ्या बायका नाही, बायकांच्या हक्कांवर बोलायला आपल्याला अधिकृत खुर्ची आहे.

कन्व्हेन्शन दर तीन वर्षांनी असतं. २०१५ ला कोपनहेगनला झालं, २०१८ ला मेलबर्नला, आणि शंभर वर्षं झाली म्हणून २०२४ ला परत मँचेस्टरला. उद्घाटन, झेंड्यांची मिरवणूक, भाषणं, कल्चरल इव्हनिंग हे सगळं असतं आणि फोटो त्याचेच येतात, पण खरं काम बिझनेस सेशनमधे होतं. आपलं कॉन्स्टिट्यूशन, म्हणजे संघटनेची नियमावली, बदलायचं तर ते कन्व्हेन्शनलाच बदलतं, दुसरीकडे कुठेच नाही. पूर्वी मेंबर व्हायचं तर रोटेरियनच्या घरातलीच बाई लागायची, आता क्लबच्या बहुसंख्य मेंबर हो म्हणाल्या तर बाहेरच्या बाईलाही बोलावून मेंबर करता येतं. तुमच्या क्लबमधे ज्या शिक्षिका, डॉक्टर, बुटीकवाल्या मैत्रिणी नवीन आल्यात, त्यातल्या कित्येक जणी या बदलामुळेच आल्यात. म्हणून मी म्हणते की मत द्यायला जा, फिरणं नंतर होईलच.

पहिलं काम: क्लबमधे ठरवून घ्या

सर्क्युलर आलं की पुढच्याच मीटिंगला अजेंड्यावर विषय घ्यायला सांगा, तोंडी नको, मिनिट्समधे आलं पाहिजे. क्लबच्या वतीने व्होटिंग डेलिगेट कोण ते ठरवायचं आणि तिचं नाव फॉर्मवर मुदतीच्या आत कळवायचं. कोणीच जाणार नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायचा अधिकार दुसऱ्या कोणाला, कशी द्यायची ते इनर व्हीलच्या हँडबुकमधे आहे, सेक्रेटरीताईंना काढून वाचायला लावा, पण क्लबचं मत वाया घालवू नका. नुसतं बघायला, ऐकायला जाणाऱ्या मेंबर कितीही असू शकतात, रजिस्ट्रेशन केलं की झालं, तेव्हा मत देणारी एक गेली तरी बाकीच्यांना बंदी नाही.

प्रपोजल्सचं, म्हणजे मताला येणाऱ्या नियमबदलांच्या प्रस्तावांचं, पुस्तक आधी येतं. ते प्रेसिडेंटच्या ईमेलमधे पडून राहतं हा सगळीकडचा अनुभव. मागून घ्या, आणि एक दुपार ठेवून चार-पाच जणींनी कोणाच्या तरी घरी बसून वाचा, दांडिया बाजारात नाहीतर कारेलीबागला, जिथे सोयीचं असेल तिथे. इंग्लिश कायदेशीर असतं, "डिलीट अँड सब्स्टिट्यूट" असलं, घाबरायचं नाही, प्रत्येक प्रपोजलला तीनच प्रश्न विचारा: आत्ता नियम काय आहे, बदलून काय होणार, आणि आपल्यासारख्या मध्यम शहरातल्या क्लबला त्याने सोपं होईल का अवघड. मराठीत समासात लिहून ठेवा हो किंवा नाही आणि का. मग क्लबमधे चर्चा करून क्लबचं मत काय ते ठरवा. डेलिगेट तिथे स्वतःच्या मनाने हात वर करणार नाही, क्लबचं ठरलेलं मत देणार, हे सगळ्यांना आधीच स्पष्ट असू द्या म्हणजे परत आल्यावर कुरबुरी होत नाहीत.

पैसे

रजिस्ट्रेशन फी त्या देशाच्या चलनात असते, आणि लवकर भरली तर कमी. रिफंडची शेवटची तारीख फॉर्मवर बारीक अक्षरात असते ती आधी बघा आणि कॅलेंडरवर लिहा, कारण व्हिसाचा निकाल लागायच्या आत ती तारीख निघून जाऊ शकते. कार्डने भरताना पेमेंट फेल झालं तर घाबरू नका, आपल्याकडे कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार मुळात बंदच ठेवलेला असतो, बँकेच्या ॲपमधे जाऊन स्वतः चालू करावा लागतो आणि लिमिटही वाढवावं लागतं. काम झालं की परत बंद करा.

रोख परदेशी चलन एका प्रवासाला बहुतेक देशांसाठी ३००० डॉलरइतकंच नेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डावर (परदेशी चलन भरून न्यायचं बँकेचं कार्ड) टाका. रोख एवढी लागतही नाही, तिकडे चहासुद्धा कार्डावर मिळतो.

आणि एक माझं ठाम मत आहे, कोणाला आवडो न आवडो. सेवेसाठी जमवलेल्या पैशातला एक रुपयाही तिकिटाला लावायचा नाही. शिलाई मशीनसाठी कोणीतरी दिलेली देणगी आहे ती. प्रवासासाठी वेगळा फंड करायचा असेल तर वेगळा जाहीर करून करा, दिवाळीत फराळाचे ऑर्डर घ्या, चकल्या-अनारसे विका, लोक आनंदाने घेतात, पण कशासाठी ते पावतीवर लिहा. ज्या मैत्रिणीला खरंच परवडत नाही पण काम तीच सगळ्यात जास्त करते, तिच्यासाठी असा फंड केला तर मला सगळ्यात चांगलं वाटेल.

पासपोर्ट, नाव आणि ते "बेन"

हे आपल्या गुजरातमधल्या बायकांचं खास दुखणं. पासपोर्टवर सुनीता, रेशनकार्डावर सुनीताबेन, बँकेत सुनिताबेन ऱ्हस्व नि काढून, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. घरी काही फरक पडत नाही पण व्हिसाच्या फाइलमधे या चार वेगवेगळ्या बायका दिसतात. पासपोर्टवर जे नाव आहे तेच स्पेलिंग रजिस्ट्रेशन फॉर्मवर, तिकिटावर, इन्व्हिटेशन लेटरवर, इन्शुरन्सवर, सगळीकडे. बँकेचं स्टेटमेंट वेगळ्या नावाने असेल तर आधी बँकेत जाऊन नाव दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं ॲफिडेव्हिट करा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने तरी चालणारा हवा, नाहीतर आत्ताच रिन्यूला टाका.

व्हिसाचं प्रत्येक देशाचं वेगळं असतं, तरी ढोबळ सांगते. इंग्लंडला व्हिजिटर व्हिसावर कॉन्फरन्सला जाता येतं, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, साधारण तीन आठवडे धरून चाला. युरोपातल्या शेंगेन देशांसाठी सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि निदान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. बोटांचे ठसे द्यायला आपल्याला अहमदाबादला जावं लागतं, तीन-चार जणींनी एकाच दिवसाची वेळ घ्या, एक्सप्रेस हायवेने एक गाडी करून जाऊन संध्याकाळी परत. अमेरिकेला असेल तर इंटरव्ह्यू मुंबईला, आणि त्याची तारीख मिळायलाच खूप वेळ जातो, तिथे मात्र ठिकाण जाहीर झाल्या झाल्या हालचाल करा.

गृहिणींचा नेहमीचा प्रश्न, माझं उत्पन्न नाही तर मला देतील का? देतात. खर्च कोण करतंय ते पत्रात सरळ लिहायचं, नवऱ्याचं किंवा मुलाचं स्पॉन्सर लेटर, त्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नातं दाखवणारा दाखला. लग्नाचा दाखला किंवा घराच्या वेऱ्याचं (घरपट्टीचं) बिल गुजरातीत असेल तर इंग्लिश भाषांतर सर्टिफाय करून जोडायचं, हे बऱ्याच जणी विसरतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, त्याने उलट शंका येते. आणि क्लबकडून लेटरहेडवर पत्र घ्या की या आमच्या मेंबर आहेत, इतक्या सालापासून आहेत, या पदावर काम केलंय आणि कन्व्हेन्शनला जाऊन परत येऊन रिपोर्ट द्यायचाय. आयोजकांचं इन्व्हिटेशन लेटर रजिस्ट्रेशनचे पैसे भरल्यावर मागता येतं, मागितल्याशिवाय आपणहून येईलच असं नाही.

सोबत एक काम न्या, वीस नको

सगळ्यात जास्त वेळ मी याच्यावर घालवायला सांगेन. आपल्या क्लबचं वर्षाचं पत्रक उघडलं तर तीस-चाळीस उपक्रम निघतात, स्वेटर वाटप, झाडं लावणं, डोळे तपासणी, स्पर्धा, सगळं. परदेशातल्या बाईसमोर ही यादी वाचली तर ती हसून "व्हेरी नाइस" म्हणते आणि पुढे जाते. एकच काम निवडा जे तुम्ही स्वतः उभं राहून केलंय आणि ज्याचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

उदाहरण घेऊ, मुलींचं हिमोग्लोबिन. आपण नेहमी लिहितो ते असं: "शाळेत रक्ततपासणी शिबिर घेण्यात आले, मुलींना गोळ्या व फळे वाटण्यात आली, प्रमुख पाहुण्यांनी मार्गदर्शन केले." यातून कोणाला काय कळलं? आता हेच असं लिहा. आठवी ते दहावीच्या किती मुली तपासल्या, त्यातल्या हिमोग्लोबिन बाराच्या खाली असलेल्या किती निघाल्या, सरकारच्या योजनेतली आठवड्याची निळी लोहाची गोळी शाळेत येत होती का, येत असली तर मुली खात होत्या का, नसतील तर का नाही. इथे खरी गोष्ट सुरू होते, कारण मुली सांगतात की पोटात ढवळतं, शौचाला काळं होतं म्हणून आई घाबरली आणि बंद कर म्हणाली. मग तुमच्या क्लबने आयांना बोलावून समजावलं की काळं होणं हे लोहामुळे आहे, आजार नाही, गोळी रिकाम्या पोटी नको, जेवणानंतर लगेच चहा नको, वर लिंबू किंवा आवळा घ्या. सहा महिन्यांनी परत तपासलं तेव्हा किती सुधारल्या, किती नाही, आणि किती जणींनी मधेच सोडलं. न जमलेलं पण सांगा, त्याचीच चर्चा सगळ्यात जास्त होते, केनियाची बाई सांगते आमच्याकडेही असंच आहे आणि मग ती कसं करते ते तुम्हाला कळतं.

आणि त्यामागचा मोठा आकडा एकच ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, आणि आपल्या गुजरातमधे ६५ टक्के. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्यात देशापेक्षा जास्त! हा एक आकडा आणि तुमच्या एका शाळेची गोष्ट, तीन मिनिटात बसतं. मोबाइलवर टायमर लावून घरी बोलून बघा, नातवंडांसमोर बोला, ती बरोबर सांगतात कुठे कंटाळा आला. स्लाइडवर फोटो टाकताना मुलींचे चेहरे दिसतील असे नको, पालकांची परवानगी नसते, पाठमोरे किंवा हातांचे फोटो घ्या.

इंग्लिशबद्दल एवढंच की वाक्यं लहान ठेवा. जपानी, इटालियन, तुर्की बायकाही अडखळतच बोलतात, तिथे कोणी कोणाचं व्याकरण तपासत नाही.

आपल्या गावचं काय सांगाल

बडोदा म्हटलं की आपण लक्ष्मीविलास पॅलेस आणि गरबा सांगतो, सांगा जरूर, गरबा २०२३ च्या डिसेंबरमधे युनेस्कोच्या वारसा यादीत आला आणि कल्चरल इव्हनिंगला दोन ताळी शिकवली तर अख्खा हॉल गोल फिरायला लागतो. पण बायकांच्या संघटनेच्या अधिवेशनाला जाताय तर महाराणी चिमणाबाईंचं सांगितल्याशिवाय येऊ नका. जानेवारी १९२७ मधे पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं त्याच्या अध्यक्ष आपल्या बडोद्याच्या चिमणाबाई होत्या. त्याच्या कितीतरी आधी, १९०४ साली, बडोदा संस्थानात बालविवाहाविरुद्ध कायदा झाला होता आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत, मुलींनासुद्धा. परिषदेने पुढे बालविवाहाचा विषय लावून धरला, सरकारकडे पाठपुरावा केला, आणि १९२९ ला सारडा कायदा आला, लग्नाला मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८. आज हे वय आपल्याला फारच कमी वाटतं, पण त्या काळात तेवढ्यासाठी केवढं भांडावं लागलं असेल याचा विचार करा. ठराव मांडून घरी निघून गेल्या असत्या तर काही झालं नसतं, त्या मागे लागून राहिल्या. हे सगळं तीन-चार वाक्यात इंग्लिशमधे पाठ करून ठेवा, जेवणाच्या टेबलावर कोणी ना कोणी विचारतंच की तुमचं शहर कशासाठी ओळखलं जातं.

बॅग भरताना

लीलो चेवडो, भाकरवडी, खाखरे, मेथीचे ठेपले, हे चालतं, पॅकबंद आणि लेबल असलेलं बरं. पेढे, बर्फी, श्रीखंड, तूप नको, इंग्लंड आणि युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, काढून टाकतात. ऑस्ट्रेलियाला खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहायची, चेवडासुद्धा, लपवलं तर दंड मोठा असतो, लिहिलं तर बहुतेक वेळा बघून सोडतात. लाकडाचंही तसंच, म्हणून संखेड्याच्या लाखेच्या वस्तू सुंदर असल्या तरी ऑस्ट्रेलियाला भेट म्हणून नेण्याआधी विचार करा. त्यापेक्षा पिठोरा चित्रांचे कापडी बुकमार्क नाहीतर छोट्या पिशव्या, हलक्या, सपाट, आणि आपल्या भागातल्या राठवा आदिवासी कलाकारांकडून थेट घेतल्या तर पैसेही योग्य हातात जातात.

क्लबचे बॅनर जास्त घ्या, बॅनर एक्स्चेंज सारखं चालू असतं. पदाधिकारी असाल तर कॉलर (गळ्यात घालायचा पदाचा पट्टा) हातातल्या बॅगेत, चेक-इनमधे नाही. साड्या दोन भारी पुरे, एक उद्घाटनाला एक गाला डिनरला, पैठणी किंवा पाटोळा जे असेल ते, बाकी दिवस कॉटन किंवा ड्रेस आणि चालायचे बूट, कारण हॉटेल ते हॉल चालणं खूप होतं. मँचेस्टरसारख्या ठिकाणी मे महिन्यातही थंडी आणि पाऊस असतो, साडीखाली थर्मल घाला आणि खुशाल हिंडा. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

तिथे गेल्यावर

रजिस्ट्रेशन काउंटरला पहिल्या दिवशीच जाऊन बॅज आणि व्होटिंगचं जे काही कार्ड किंवा यंत्र देतील ते ताब्यात घ्या, वापरायचं कसं ते तिथेच विचारून घ्या. बिझनेस सेशनला पुढे बसा, मराठी वहीत लिहिलेलं हो-नाही समोर ठेवा. सगळ्या इंडियावाल्या एका टेबलावर बसतात आणि घरच्यासारखं वाटतं, समजतं मला, पण निदान एक जेवण अनोळखी टेबलावर घ्या. "मी बसू का" एवढंच विचारायचं असतं. कोणाचं व्हिजिटिंग कार्ड मिळालं की मागे लगेच दोन शब्द लिहा, कोण, काय बोललो, नाहीतर रात्री सगळे चेहरे एक होतात.

लिंक क्लब, म्हणजे मैत्रीचं नातं जोडलेला परदेशातला क्लब, जोडायचा असेल तर उगाच दहा जणींना हो म्हणू नका. ज्यांचं काम आपल्यासारखंच आहे असा एक क्लब धरा आणि त्यांच्या आयएसओचा (इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझर, परदेशी क्लबांशी संपर्क ठेवणारी पदाधिकारी) ईमेल तिथल्या तिथे आपल्या आयएसओला पाठवा.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात तिथे भेटलेल्या सगळ्यांना दोन ओळींचा ईमेल आणि सोबत काढलेला फोटो, महिन्याभराने पाठवला तर त्यांनाही आठवत नाही. क्लबला लेखी रिपोर्ट द्या, कुठल्या प्रपोजलला आपण काय मत दिलं आणि निकाल काय लागला, नवीन नियम १ जुलैपासून लागू असेल तर आपल्याला काय बदलावं लागेल. फोटो शेवटी दाखवा, आधी रिपोर्ट. आणि तिथे ऐकलेली एक तरी गोष्ट २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबरच्या सोळा दिवसांत करून बघा, बायकांवरच्या हिंसाचाराविरोधात जगभर कार्यक्रम होतात त्यात, म्हणजे लिंक क्लबला कळवायलाही काहीतरी असेल. पुढच्या वेळी जी जाणार असेल तिला तुमची व्हिसाची फाइल झेरॉक्स करून द्या, बँकेचे आकडे झाकून, तिचं निम्मं काम होईल.